मोटरहोमने आइसफील्ड्स पार्कवे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात लेक लुईस आणि जॅस्पर या दोन गावांना जोडणारा आइसफील्ड्स पार्कवे हा रॉकी पर्वतातील रस्ता आम्ही मोटरहोमने, म्हणजे पलंग, स्वयंपाकघर आणि शौचालय आतच असलेल्या गाडीने, तीन वेळा केला आहे. त्यामुळे कॅल्गरीतील मराठी कुटुंबांकडून आणि उन्हाळ्यात मुलांकडे राहायला येणाऱ्या त्यांच्या आई-वडिलांकडून त्याविषयी नेहमी विचारणा होते. त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

हा रस्ता नेमका कोणता आणि तो इतका प्रसिद्ध का आहे?

हा महामार्ग क्रमांक ९३ चा उत्तरेकडील भाग असून त्याची लांबी सुमारे २३२ किलोमीटर आहे. त्याचा दक्षिणेकडील भाग बॅन्फ आणि उत्तरेकडील भाग जॅस्पर या राष्ट्रीय उद्यानांतून जातो, आणि सनवॅप्टा खिंडीत एका उद्यानाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते. १९३१ साली, महामंदीच्या काळात बेरोजगारांना काम मिळावे म्हणून या रस्त्याचे बांधकाम हाती घेण्यात आले आणि १९४० मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. बो समिट हा त्यावरील सर्वांत उंच बिंदू समुद्रसपाटीपासून सुमारे २०७० मीटरवर आहे. म्हणजे आपले कळसूबाई शिखर जेथे संपते, त्याच्याही चारशे मीटर वरून ही गाडी जाते. असे असूनही आपल्याकडील घाटात असतात तशी अवघड वळणे येथे जवळजवळ नाहीत, कारण रस्ता बहुतांश नद्यांच्या रुंद खोऱ्यांतून जातो. मालवाहू ट्रकना या रस्त्यावर बंदी असल्यामुळे वाहतूकही पर्यटकांचीच असते.

हे अंतर तीन-चार तासांत कापता येते. मग मोटरहोम कशासाठी?

हा प्रश्न रास्त आहे, आणि ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांनी खुशाल साध्या मोटारीने जावे. मोटरहोमचा खरा उपयोग प्रवासात नसून मुक्कामात आहे. लेक लुईस आणि जॅस्पर यांच्यामध्ये गाव असे एकही नाही; राहण्याची सोय मोजकीच आहे आणि ती महागही आहे. त्यामुळे दिवसभर येणारे बहुतेक प्रवासी आणि पर्यटक बस संध्याकाळी दोन्ही टोकांना परततात. जून-जुलैमध्ये येथे रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सहा वाजल्यानंतर रिकाम्या झालेल्या रस्त्यावर, बो सरोवराच्या काठी, हातात चहाचा कप घेऊन मिळणारे ते तीन-चार तास केवळ त्यालाच मिळतात ज्याचे अंथरूण त्याच रस्त्यावर आहे. म्हणून आमचा सल्ला असा की, या २३२ किलोमीटरच्या दरम्यान किमान दोन, शक्य असल्यास तीन रात्री काढाव्यात. मोटरहोम घेऊन हे अंतर एका दिवसात पार करणे म्हणजे स्वयंपाकघर बरोबर घेऊन हॉटेलात जेवण्यासारखे आहे.

मोटरहोम घेतल्याने खर्च वाचतो का?

सहसा वाचत नाही. हंगामातील भाडे, प्रतिकिलोमीटर आकार, विमा, भांडी-अंथरुणाच्या संचाचे वेगळे शुल्क आणि मुक्कामाच्या जागेचे भाडे मिळून होणारी रक्कम मोटार आणि मध्यम दर्जाचे हॉटेल यांच्या बरोबरीस येते, कधी तिच्या पुढेही जाते. इंधनाचा हिशेब आधीच करावा. कॅल्गरीहून निघून जॅस्परपर्यंत जाऊन त्याच मार्गाने परत येण्याचे अंतर सुमारे ८३० किलोमीटर होते आणि आडवाटा धरून ते हजाराच्या घरात जाते. मध्यम आकाराचे मोटरहोम १०० किलोमीटरला २५ लिटरच्या आसपास पेट्रोल पिते, म्हणजे एकूण अडीचशे लिटर झाले. याशिवाय राष्ट्रीय उद्यानाचा प्रवेश परवाना लागतो. एकाच मोटरहोममध्ये सहा-सात माणसांचे कुटुंब असेल आणि मुक्काम आठवडाभराचा असेल, तर मात्र हिशेब बराच अनुकूल होतो.

भारतातील वाहन परवाना चालतो का?

पर्यटक म्हणून आलेल्या व्यक्तीस अल्बर्टामध्ये आपल्या देशाच्या वैध परवान्यावर १२ महिन्यांपर्यंत वाहन चालवता येते. त्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना असणे सोयीचे असते. तो भारतात आरटीओकडून १ वर्षासाठी मिळतो आणि निघण्यापूर्वीच काढावा लागतो. मोटरहोम चालवण्यासाठी येथे अवजड वाहनाचा परवाना लागत नाही. नेहमीचा पाचव्या वर्गाचा मोटार परवाना पुरेसा असतो. भाड्याने देणाऱ्या कंपन्यांच्या वयाच्या आणि अनुभवाच्या अटी मात्र वेगळ्या असतात, त्या करार करतानाच पाहाव्यात.

कायद्याने परवानगी असणे आणि आपल्याला जमणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. ज्यांनी रस्त्याच्या उजव्या बाजूने कधीच गाडी चालवलेली नाही त्यांनी पहिला अनुभव साडेसात मीटर लांबीच्या वाहनावर घेऊ नये; दोन दिवस साधी मोटार चालवून हात बसवावा. भारत आणि अल्बर्टा यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेअकरा तासांचा फरक असतो, म्हणजे शरीराच्या दृष्टीने दिवसाची रात्र झालेली असते. विमानतळावरून थेट मोटरहोमचा ताबा घेऊन डोंगराकडे निघणाऱ्यांना आम्ही नेहमीच अडवतो.

किती मोठे मोटरहोम घ्यावे?

चौघांसाठी २४ ते २५ फुटांचे पुरते. त्याहून मोठे घेतल्यास आत पाय पसरता येतात, परंतु बाहेर गाडी उभी करता येत नाही. या रस्त्यावरील काही जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये (रात्रीच्या मुक्कामासाठी ठरवून दिलेल्या जागांमध्ये), उदाहरणार्थ कोलंबिया हिमक्षेत्राजवळच्या विल्कॉक्स क्रीकमध्ये, चढ आणि जागांचा आकार असा आहे की लांब वाहनांनी तेथे न जाणेच बरे. उंची साधारण साडेतीन मीटर असते, हे चालकाच्या नजरेसमोर चिठ्ठीवर लिहून ठेवावे. दुसरी गोष्ट मागच्या भागाची. मागच्या चाकांच्या पलीकडे गाडीचा बराच भाग लोंबता असतो आणि वळताना तो विरुद्ध दिशेला फेकला जातो. पेट्रोल पंपाचे खांब बहुधा याच कारणाने ओरखडलेले असतात.

चालत्या गाडीत वडीलधाऱ्यांना मागे पलंगावर आडवे होता येईल का?

नाही. गाडी चालू असताना प्रत्येकाने पट्टा लावून आसनावर बसणे बंधनकारक आहे. चहा करणे, मुलांना खेळू देणे किंवा न्हाणीघरात जाणे यांपैकी काहीही चालत्या गाडीत करू नये. ज्यांना दर तासाला उठावे लागते त्यांच्यासाठी हा रस्ता उत्तम आहे, कारण थांबण्याच्या जागा वारंवार येतात आणि थांबल्यावर शौचालय आपल्याच गाडीत असते.

दक्षिणेकडून उत्तरेकडे जावे की उलट?

पेटो सरोवर, मिस्टाया घळ, अथाबास्का हिमनदी, सनवॅप्टा आणि अथाबास्का धबधबे ही बहुतेक ठिकाणे रस्त्याच्या पश्चिमेला आहेत. म्हणजे जॅस्परकडून दक्षिणेला येताना ती उजव्या हाताला पडतात आणि समोरची वाहतूक ओलांडून डावीकडे वळावे लागत नाही, जे लांब वाहनाच्या नव्या चालकासाठी फार सोयीचे आहे. कॅल्गरीहून निघणाऱ्यांनी जाताना मोजक्याच ठिकाणी थांबून एक रात्र मध्ये काढावी, जॅस्परमध्ये दोन दिवस राहावे आणि परत येताना सावकाश थांबे घ्यावेत. एकच रस्ता दोनदा होतो म्हणून हळहळू नये. पर्वतांच्या उलट बाजू आणि संध्याकाळऐवजी सकाळचा प्रकाश यांमुळे तो दुसराच भासतो.

घाट अवघड आहे का?

एकच चढ लक्षात ठेवण्यासारखा आहे. नॉर्थ सस्कॅचवान नदीच्या खोऱ्यातून सनवॅप्टा खिंडीकडे चढताना ‘बिग बेंड’ नावाचे मोठे वळण येते आणि तेथून चढ तीव्र होतो. भरलेले मोटरहोम तेथे ताशी पन्नास-साठच्या वेगाने रडतखडत चढते, त्यात गैर काही नाही. उतरताना मात्र ब्रेकवर पाय ठेवून बसू नये. गिअर खालचा टाकावा आणि इंजिनाला वेग रोखू द्यावा. ब्रेक तापून त्यांची पकड सुटणे हा अशा वाहनांचा नेहमीचा धोका आहे. रस्त्याची वेगमर्यादा ताशी ९० किलोमीटर आहे, पण आम्ही पंचाहत्तरच्या पुढे क्वचितच जातो आणि मागे चार-पाच गाड्या साचल्या की पुढच्या थांब्यात बाजूला होऊन त्यांना जाऊ देतो.

पेट्रोल, दुकान आणि फोन यांचे काय?

संपूर्ण रस्त्यावर पेट्रोल एकाच ठिकाणी मिळते. ते म्हणजे लेक लुईसपासून सुमारे ८० किलोमीटरवरील सस्कॅचवान क्रॉसिंग, आणि तेही हिवाळ्यात बंद असते. तेथील दर शहरापेक्षा बराच चढा असतो, म्हणून निघतानाच टाकी काठोकाठ भरावी. भाजीपाला लेक लुईसपूर्वी, शक्यतो कॅल्गरीतच घ्यावा. मोबाइलचे जाळे रस्त्याच्या बहुतेक भागात अजिबात नाही. नकाशे आधी उतरवून ठेवावेत, रस्त्याची स्थिती ‘५११ अल्बर्टा’ या सेवेवर निघण्यापूर्वी पाहावी, आणि भारतातील नातेवाइकांना दोन दिवस फोन लागणार नाही, हे आधीच सांगून ठेवावे. आमच्या पहिल्या प्रवासात हे सांगायचे राहिले आणि जॅस्परला पोहोचल्यावर फोनवर तेवीस चिंताग्रस्त निरोप आले.

रस्त्याच्या कडेला कोठेही गाडी लावून झोपता येईल का?

येणार नाही. राष्ट्रीय उद्यानात ठरवून दिलेल्या जागांखेरीज कोठेही रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई आहे आणि रखवालदार खरोखरच रात्री दार वाजवतात. दक्षिणेकडून निघाल्यास मॉस्किटो क्रीक, वॉटरफाउल लेक्स, रॅम्पार्ट क्रीक, मग हिमक्षेत्राचा परिसर आणि पुढे हनिमून लेक, माउंट कर्केस्लिन असे मुक्काम येतात. त्यांपैकी काहींचे आरक्षण आधी करता येते, तर काही जागा प्रथम येणाऱ्यास दिल्या जातात. ही विभागणी दरवर्षी बदलू शकते. पार्क्स कॅनडा या राष्ट्रीय उद्यानांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी संस्थेचे आरक्षण वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत खुले होते आणि जुलै-ऑगस्टच्या चांगल्या जागा झपाट्याने संपतात. आरक्षण नसलेल्या जागेसाठी दुपारी बाराच्या आत पोहोचावे आणि जागा मिळाली की तिचे शुल्क भरून मगच फिरायला निघावे.

यांत आमची आवड विचाराल तर वॉटरफाउल लेक्स. तेथे पहाटे सरोवराच्या काठी जाऊन उभे राहिल्यास समोरच्या केफ्रेन शिखराचे प्रतिबिंब अनेकदा न हलता दिसते.

या कॅम्पग्राउंडमध्ये वीज आणि पाण्याची जोडणी मिळते का? मिक्सर चालेल का?

लेक लुईस आणि जॅस्परजवळच्या मोठ्या कॅम्पग्राउंडमध्ये वीजजोडणी असलेल्या जागा मिळतात. मधल्या रस्त्यावर मिळत नाहीत. जोडणी नसताना दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा बॅटरीवर चालतात, तर शेगडी, हीटर आणि गरम पाणी प्रोपेन गॅसवर चालते. भिंतीवरील साधे प्लग मात्र जनरेटर लावल्याशिवाय निर्जीव असतात, आणि जनरेटर ठरावीक वेळेतच लावता येतो. तेव्हा मिक्सर, इंडक्शन शेगडी आणि विजेची किटली घरीच ठेवावी. खोबऱ्याची आणि शेंगदाण्याची चटणी, आले-लसणाचे वाटण, भाजलेला रवा अशी तयारी करून नेल्यास तीन दिवस काही अडत नाही.

प्रेशर कुकर मात्र विसरू नये. दोन हजार मीटर उंचीवर पाणी सुमारे ९३ अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर शिजत ठेवली तरी कच्चीच लागते. फोडणी देण्यापूर्वी छतावरचा पंखा लावावा आणि खिडकी उघडावी, नाही तर मोहरी तडतडण्याआधी धुराचा गजर वाजतो. गाडीतले असे गजर कंटाळून बंद करणारे लोक आम्ही पाहिले आहेत. कृपया तसे करू नये, कारण बंद डब्यात गॅसवर चालणाऱ्या हीटरशेजारी झोपताना कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची सूचना देणारी यंत्रणाच आपले रक्षण करते.

निघण्यापूर्वी प्रत्येक कपाटाची आणि फ्रिजची कडी हाताने ओढून पाहावी. लेक लुईसबाहेरच्या पहिल्याच वळणावर आमच्या फ्रिजचे दार उघडले आणि दोन किलो दही गालिच्यावर सांडले. त्याचा वास परतीपर्यंत सोबत होता.

शौचालयाची टाकी कोणी आणि कशी रिकामी करायची?

संकोचाने सर्वांत शेवटी विचारला जाणारा, पण सर्वांना पडलेला हा प्रश्न आहे. उत्तर सरळ आहे: आपणच करायची. मोटरहोममध्ये तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी न्हाणी-मोरीच्या सांडपाण्याची आणि तिसरी मैल्याची. सांडपाणी सोडण्यासाठी ‘सॅनी-डंप’ नावाची ठरावीक जागा असते. लेक लुईस आणि जॅस्परजवळच्या व्हिसलर्स कॅम्पग्राउंडमध्ये ती आहे. हातमोजे घालून नळी जमिनीतील तोंडाला घट्ट बसवावी, आधी मैल्याची टाकी पूर्ण सोडावी, ती बंद करून मग सांडपाण्याची सोडावी. हा क्रम चुकवू नये, कारण दुसऱ्या टाकीतील साबणाचे पाणी नळी आपोआप धुऊन काढते. सगळे काम दहा-पंधरा मिनिटांचे आहे. तांदूळ धुतलेले पाणीसुद्धा बाहेर जमिनीवर ओतण्यास परवानगी नाही, त्यामुळे टाकी अंदाजापेक्षा लवकर भरते. भांडी आधी कागदाने पुसून मग धुण्याची सवय लावावी आणि अंघोळ आटोपशीर ठेवावी.

कोठे थांबलेच पाहिजे?

वेळ कमी असेल तर चार ठिकाणे पुरेत. पहिले पेटो सरोवर, ज्याचा उच्चार स्थानिक लोक ‘पीटो’ असा करतात. बो समिटजवळच्या वाहनतळावर मोठ्या वाहनांसाठी वेगळी जागा आहे आणि तेथून थोडा चढ चढल्यावर लांडग्याच्या तोंडासारख्या आकाराचे सरोवर खाली दिसते. त्याचा निळा-हिरवा रंग छायाचित्रात खोटा वाटतो, पण त्याचे कारण साधे आहे. हिमनदी सरकताना खालचा खडक पिठासारखा दळला जातो, हे पीठ पाण्यात तरंगत राहते आणि प्रकाशातील निळा-हिरवा भाग परावर्तित करते. वसंत ऋतूच्या अखेरीपर्यंत सरोवर गोठलेले असते, म्हणून मे महिन्यात येणाऱ्यांची निराशा होते.

दुसरे अथाबास्का हिमनदी. ती कोलंबिया हिमक्षेत्रातून खाली उतरते. हे हिमक्षेत्र १८९८ मध्ये नॉर्मन कॉली आणि हर्मन वूली या गिर्यारोहकांनी अथाबास्का शिखरावरून पाहिले. त्याच्या एका टोकाला असलेल्या स्नो डोम शिखरावरचे पाणी तीन वाटांनी जाते: कोलंबिया नदीतून प्रशांत महासागराला, अथाबास्का आणि मॅकेन्झीतून आर्क्टिक महासागराला, आणि सस्कॅचवानमधून हडसनच्या उपसागराला. हिमनदी गेल्या सव्वाशे वर्षांत दीड किलोमीटरहून अधिक मागे हटली आहे. पायवाटेवर तिचे टोक कोणत्या साली कोठे होते हे दाखवणारे फलक लावले आहेत. आपल्या मुलाच्या जन्मवर्षाच्या जवळचा फलक शोधून तेथून आजच्या बर्फापर्यंत चालत जावे. कोणत्याही व्याख्यानापेक्षा ते अंतर अधिक सांगते. बर्फावर मार्गदर्शकाशिवाय पाऊल टाकू नये, कारण वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली खोल भेगा असतात आणि त्यांत पडून माणसे दगावली आहेत.

उरलेली दोन ठिकाणे म्हणजे सनवॅप्टा आणि अथाबास्का धबधबे, जॅस्परपासून अनुक्रमे सुमारे ५५ आणि ३० किलोमीटरवर. अथाबास्का धबधब्याची उंची जेमतेम २३ मीटर आहे; सह्याद्रीतील धबधबे पाहिलेल्यांना ती किरकोळ वाटेल, परंतु अरुंद घळीत कोंडलेल्या पाण्याचा जोर पाहण्यासारखा आहे. कठड्याबाहेरचा ओला खडक निसरडा असतो.

लेक लुईसजवळचे मोरेन सरोवर याच फेरीत होईल का?

होईल, पण मोटरहोमने नाही. २०२३ पासून तेथील रस्ता खासगी वाहनांसाठी बंद आहे. लेक लुईसहून पार्क्स कॅनडाच्या शटल बसने जाता येते आणि तिचे आरक्षण आधी करावे.

अस्वल दिसल्यास काय करावे?

गाडीतच राहावे. जुलै-ऑगस्टमध्ये अस्वले रस्त्याच्या कडेची बफेलोबेरी नावाची लाल फळे खाण्यासाठी येतात आणि त्यांना पाहण्यासाठी गाड्या मध्येच उभ्या राहतात, तोच खरा धोका असतो. अस्वल आणि लांडगा यांच्यापासून किमान १०० मीटर, तर एल्क, हरिण आणि रानमेंढ्यांपासून ३० मीटर अंतर राखण्याचा नियम आहे. मुक्कामाच्या ठिकाणी बाहेरच्या टेबलावर अन्न, भांडी, रिकामी बाटली, तेलाचा डबा यांपैकी काहीही ठेवू नये. पोळीचा तुकडा खारीला घालणे हाही गुन्हाच आहे, हे आजी-आजोबांना विशेष सांगावे लागते.

कोणत्या महिन्यात जावे?

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. त्यातही सप्टेंबरचे पहिले दोन आठवडे आम्हाला सर्वाधिक आवडतात, कारण डास आणि गर्दी दोन्ही ओसरलेली असतात. खिंडीत बर्फ कोणत्याही महिन्यात पडू शकतो आणि जुलैतही रात्री तापमान शून्याच्या जवळ जाते, म्हणून स्वेटर आणि जाड पांघरुणे हवीतच. हिवाळ्यात रस्ता खुला असला तरी हिवाळी टायर कायद्याने आवश्यक असतात, मोटरहोमच्या पाण्याच्या नळ्या गोठतात आणि मुक्कामाच्या बहुतेक जागा बंद असतात. त्या काळात हा बेत करू नये.

जॅस्परच्या वणव्यानंतर तेथे जाणे योग्य आहे का?

जुलै २०२४ मधील वणव्यात जॅस्पर गावातील सुमारे एक तृतीयांश इमारती जळाल्या आणि दक्षिणेकडून गावात शिरताना आजही काळ्या खोडांचे जंगल दिसते. गाव मात्र पर्यटकांसाठी खुले आहे आणि त्याचे पोट पर्यटनावरच चालते, त्यामुळे जावे, तेथेच किराणा घ्यावा, तेथेच जेवावे. उन्हाळ्यात शेकोटीवर बंदी आहे का, हे रोज पाहावे आणि बाहेरून सरपण आणू नये. धुराचे दिवस कोणत्याही ऑगस्टमध्ये येऊ शकतात. दम्याचा त्रास असलेल्यांनी औषधे जवळ ठेवावीत आणि परतीच्या तारखेत एक-दोन दिवसांची सवड राखावी.

मोटरहोम परत करताना काय पाहावे?

सांडपाण्याच्या दोन्ही टाक्या रिकाम्या, पेट्रोल आणि प्रोपेन करारात ठरल्याप्रमाणे भरलेले आणि आतील झाडलोट झालेली असावी. पेट्रोल भरण्यापूर्वी प्रोपेन बंद करावा. ताबा घेताना आणि देताना गाडीच्या चारही बाजूंची, छताच्या कडांची आणि पुढच्या काचेची छायाचित्रे काढावीत, कारण खडीमुळे काचेला पडणारा चरा या रस्त्यावर अगदी नेहमीचा आहे आणि तो विम्यात धरलेला आहे की नाही, हे सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.